बीएमडब्ल्यू एम४ कॉम्पिटिशन : एम१ आणि एम२ बटणांवर काय साठवावं?

सिंहगडरोड_४७

नमस्कार मंडळी. स्टिअरिंगवरच्या एम१ आणि एम२ बटणांवर आपापली सेटिंग्ज साठवता येतात, त्याबद्दल विचारतोय. गाडी एम४ कॉम्पिटिशन एमएक्सड्राइव्ह (जी८२), ओडोमीटरवर १,३८० किमी. इंजिनाला तीन पर्याय, सस्पेन्शनला तीन, स्टिअरिंगला दोन, ब्रेकला दोन, ड्राइव्हलॉजिकचे (गिअर कसे बदलायचे ते ठरवणारं सेटिंग) तीन टप्पे. नुसता गुणाकार केला तरी १०८ होतात. त्यावर फोर डब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद) की फोर डब्ल्यूडी स्पोर्ट (त्यातली जास्त मागच्या चाकांना), आणि डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) की एमडीएम (तिचाच सैल प्रकार), हे वेगळंच.

वापर असा: आठवड्यात चार दिवस पुण्यातला ट्रॅफिक, महिन्यातून दोनदा एक्सप्रेसवेने मुंबई, रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा वाईहून पसरणी. पुढे कधीतरी चेन्नईच्या ट्रॅकवर एखादा दिवस.

विचारायचं आहे ते असं:
१) इंजिन स्पोर्ट प्लसमध्ये ठेवलं तर ताकद खरंच वाढते का?
२) घाटात शॉकअप (सस्पेन्शनचे डॅम्पर) कडक ठेवायचे की मऊ?
३) घाटात डी (ऑटोमॅटिक) बरा की स्टिअरिंगमागच्या पॅडलने हाताने गिअर बदलणं बरं? आणि ड्राइव्हलॉजिक कितीवर?
४) पावसाळ्यात एमडीएम चालेल का?

एम१ आणि एम२ वर नेमकं काय साठवू तेवढं सांगा. "तुमच्या आवडीप्रमाणे ठेवा" हे उत्तर शोरूममध्ये मिळालेलं आहे.

---

तिसरा_गिअर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. ॲक्सिलरेटर तळाला टेकवलात की एफिशियंट, स्पोर्ट आणि स्पोर्ट प्लस तिन्हींत तेच ५१० अश्वशक्ती (२०२४ पासूनच्या गाडीत ५३०) आणि तेच ६५० न्यूटन-मीटर. बदलतं ते पायाचं आणि इंजिनाचं नातं. एफिशियंटमध्ये पाय पाव भाग दाबला की इंजिन साधारण तेवढंच मागणं समजतं. स्पोर्ट प्लसमध्ये तेवढ्याच पावलाला ते कितीतरी जास्त टॉर्क देऊन टाकतं. म्हणजे पेडलच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच सगळी गर्दी होते, आणि पुढच्या प्रवासात द्यायला फारसं काही उरत नाही. ट्रॅकवर पाय एकतर पूर्ण आत असतो नाहीतर पूर्ण बाहेर, तिथे हे चालतं. कर्वे रोडवर रिक्षाच्या मागे सरकताना, किंवा घाटातल्या खडबडीत वळणावर पाय अर्धा सेंटिमीटर हलला तरी गाडी मान हलवते. गाडीत बसलेल्यांच्याही माना हलतात.

म्हणून रस्त्यावर इंजिन स्पोर्टच्या वर नेण्यात अर्थ नाही. शहरात एफिशियंट.

आता गिअर. तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा हाच आहे, कारण या गाडीत ताकद मोडमध्ये नाही, आरपीएममध्ये (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांत) आहे. पूर्ण टॉर्क २,७५० पासून ५,५०० पर्यंत सलग मिळतो, रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) ७,२०० ला. गिअरबॉक्स झेडएफची आठ गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी). गिअर गुणोत्तरं पहिल्यापासून आठव्यापर्यंत अशी: ५.००, ३.२०, २.१४, १.७२, १.३१, १.००, ०.८२, ०.६४. डिफरन्शियलचं (चाकांआधीचं शेवटचं) गुणोत्तर सुमारे ३.१५. मागचा टायर २८५/३० आर२० धरून कागदावर हिशेब केला की हे येतं (प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे):

१०० किमी वेगाला आठव्यात सुमारे १,६०० आरपीएम, पाचव्यात ३,२००, चौथ्यात ४,२००.
६० ला चौथ्यात २,५००, तिसऱ्यात ३,२००, दुसऱ्यात ४,७००.
३० ला तिसऱ्यात १,६००, दुसऱ्यात २,४००.
रेडलाइनला पहिला गिअर ५८ च्या आसपास संपतो, दुसरा ९१ ला, तिसरा १३६ ला.

या आकड्यांकडे नीट बघा. एक्सप्रेसवेवर १०० ने डी मध्ये जाताना तुम्ही आठव्यात १,६०० वर आहात, म्हणजे टॉर्कच्या सपाटीच्या बऱ्याच खाली. ट्रकला ओलांडायला पाय दिला की गिअरबॉक्स आधी विचार करते, मग तीनचार गिअर खाली उतरते, मग गाडी सुटते. लोक याला टर्बो लॅग (टर्बोला जोर धरायला लागणारा वेळ) म्हणतात. तो लॅग टर्बोचा नसतो, गिअर शोधण्याचा असतो. उपाय मोड बदलणं नव्हे. ओलांडायच्या दोन सेकंद आधी डावं पॅडल तीनदा ओढा, पाचव्यावर तीन हजारांच्या पुढे या आणि मग पाय द्या. डी मध्येच असताना पॅडल ओढलं तरी चालतं. थोडा वेळ तुमचा गिअर धरून ठेवून गाडी आपणहून डी वर परतते.

घाटात हाच हिशेब दोन गिअरवर येऊन थांबतो. हेअरपिन ३० ते ३५ ने घ्यायचं असेल तर दुसरा, बाकी सगळा घाट तिसरा. घाटात चौथ्याला फारसं काम नाही, आणि पहिल्याला तर अजिबात नाही. हेअरपिनवर डावं पॅडल दोनदा ओढून पहिल्यात घुसणारे बरेच असतात. ३० ला पहिल्यात ३,७०० आरपीएम होतात, पाय जरा पडला की मागची चाकं सुटायला बघतात आणि लगेच वरचा गिअर मागावा लागतो. वळणाच्या मधोमध गिअर बदलणं टाळायचं असतं, इथे ते तुम्हीच ओढवून घेता.

ड्राइव्हलॉजिक: डी मध्ये हा आकडा "गिअर किती वेळ धरून ठेवायचा" ते ठरवतो, हाताने बदलताना "गिअर किती झटक्यात पडायचा" ते. हा फरक न कळल्यामुळे बरेच लोक शहरात डी तीनवर ठेवून गाडी नुसती ओरडत नेतात. शहर: डी एक. घाट: हाताने, दोनवर. तीनवर गिअर पडताना पाठीला लाथ बसते. कोरड्या सरळ रस्त्यावर मजा आहे, ओल्या वळणात तीच लाथ मागच्या चाकांना बसते.

---

लालमाती

शॉकअपबद्दल मी लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

घाट म्हटला की स्पोर्ट प्लस हे गणित ट्रॅकवरून आलेलं आहे. ट्रॅकचा डांबर गुळगुळीत असतो. ताम्हिणीतला मुळशीकडचा भाग, किंवा पसरणीतली पाऊस झाल्यानंतरची वळणं, तशी नसतात. कडक डॅम्परमध्ये चाक खड्ड्यात पूर्ण उतरत नाही आणि उंचवट्यावरून निघालं की लगेच खाली येत नाही. थोडक्यात चाक हवेत. हवेतलं चाक ना वळतं, ना ब्रेक लावतं, ना ओढतं. मग डीएससी मध्ये पडतं, पॉवर कापतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि चालकाला वाटतं की आपण फार जोरात आहोत. जोरात वगैरे काही नसतं. चाक जमिनीवर नाही, एवढंच.

दुसरं कारण खिशाचं. पुढे २७५/३५ आर१९, मागे २८५/३० आर२०. मागच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. खड्ड्याचा मार ती शोषू शकत नाही, मऊ डॅम्पर थोडा तरी शोषतो. कडक ठेवलात तर सगळा मार रिमवर जातो. मागचं रिम आतल्या बाजूने वाकलं तर बाहेरून दिसतसुद्धा नाही, फक्त ८० च्या पुढे सीटखाली थरथर येते आणि लोक बॅलन्सिंग करून करून थकतात.

तेव्हा रस्त्यावर सस्पेन्शन कायम कम्फर्ट. एक्सप्रेसवेवर मोठ्या लाटांवर गाडी वरखाली झुलते असं वाटलं तरच स्पोर्ट. स्पोर्ट प्लस सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीच.

स्टिअरिंग: कम्फर्ट आणि स्पोर्टमध्ये फक्त जडपणा बदलतो. चाकं जास्त वेगाने वळत नाहीत. ब्रेकचंही तसंच, स्पोर्टमध्ये पेडल लवकर चावतं, पण थांबायचं अंतर तेवढंच. शहरात ब्रेक स्पोर्टवर ठेवलात तर सिग्नलला प्रत्येक वेळी नाक खाली जाईल. हे दोन्ही कम्फर्टवर टाका आणि विसरा.

---

घाटउतार

तिसरा_गिअर यांचं सगळं पटलं, एक सोडून. घाट *चढताना* हाताने गिअर बदलायची सक्ती नको. ही गिअरबॉक्स डी दोनमध्ये चढावर बऱ्यापैकी शहाणी आहे. वळणाआधी ब्रेक लावला की खालचा गिअर घेते आणि बाहेर पडेपर्यंत धरते. नवीन माणसाने रस्ता बघावा, पॅडल नंतर. पसरणीत समोरून एसटी आली की दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

*उतरताना* मात्र हाताने, आणि यात तडजोड नाही. डी एकमध्ये उतारावर पाय काढला की गाडी वर वर गिअर चढवत जाते, इंजिन १,५०० च्या खाली येतं आणि वेग आवरण्याचं सगळं ओझं ब्रेकवर. गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या पुढे, चौघं बसले की दोन टन. आंबेनळी उतरून पोलादपूरला पोचेपर्यंत पॅडचा वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. आधी पॅडची पकड कमी होते, पेडल घट्टच असतं पण गाडी थांबत नाही. त्यानंतर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, तेव्हा पेडल स्पंजासारखं मऊ होतं. ही दुसरी अवस्था आली तर बाजूला थांबणं एवढाच इलाज. डिस्क तापलेल्या असताना पाय ब्रेकवर दाबून उभं राहू नका. सपाट जागा बघून पी टाका आणि पाय काढा.

उतारावर ६० ने जायचं तर तिसरा (३,२०० आरपीएम), तीव्र उताराला दुसरा. तिसऱ्यात पाय काढल्यावर वेग तेवढाच राहिला किंवा हळूहळू कमी झाला तर गिअर बरोबर. वाढत गेला तर आणखी एक खाली. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ पण घट्ट, मग सोडायचा. पाय हलकाच ठेवून मैलभर घासत नेणं हा पॅड जाळायचा खात्रीचा मार्ग.

आणि स्पोर्ट प्लसमध्ये पाय काढल्यावर सायलेन्सरमधून येणारी फटफट म्हणजे इंजिन ब्रेकिंग नव्हे. तो आवाज आहे, त्याने वेग आवरत नाही.

---

तिसरा_गिअर

@घाटउतार, चढावर डी दोनचं मान्य. माझा आक्षेप एवढाच की डी मध्ये वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त गेला तर ती मध्येच एक गिअर खाली घेते, आणि ओल्या रस्त्यावर तो धक्का नको असतो. पण नवीन हातासाठी डी दोन हे उत्तर जास्त सुरक्षित, हे खरं.

एक भर. हाताने बदलताना ही गाडी रेडलाइनला आपणहून वरचा गिअर घेत नाही, लिमिटरवर आपटत राहते. उलट खालचा गिअर मागितला आणि आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असेल तर नकार देते. तेव्हा चिडून चारदा पॅडल ओढू नका. वेग पडला की उरलेल्या मागण्या एकदम पुऱ्या होतील असं नाही, आणि आपण कोणत्या गिअरमध्ये आहोत ते तुम्हीच विसराल. डावं पॅडल ओढून *धरून* ठेवलं की त्या वेगाला चालेल असा सगळ्यात खालचा गिअर ती स्वतः निवडते. उतारावर समोर अचानक काही आलं तर हे उपयोगी.

---

ऑइलपॅन

कुणी बघितलं नाही वाटतं: ओडोमीटर १,३८० आहे. रनिंग-इन (नवीन गाडी जपून चालवायचा काळ) संपायचंय.

एम गाड्यांना पहिले २,००० किमी ५,५०० आरपीएमच्या वर न्यायचं नाही आणि १७० किमीच्या वर न्यायचं नाही (हा दुसरा प्रश्न आपल्याकडे उद्भवू नये, एक्सप्रेसवेला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे). एकाच वेगाने तासन्‌तास नेऊ नका, भार आणि आरपीएम बदलते ठेवा, पाय तळाला टेकवू नका. लॉंच कंट्रोलला (जागेवरून पूर्ण जोरात सुटायची सोय) हात लावू नका. वर टॉर्कची सपाटी ५,५०० ला संपते असं लिहिलं आहे, म्हणजे या मर्यादेतही टॉर्क पूर्णच मिळतो, फक्त वरचा गोंगाट मिळत नाही. २,००० ला रनिंग-इन सर्व्हिस करून घ्या. त्यात इंजिन ऑइल, फिल्टर आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलतात. नवीन गिअरचे दात एकमेकांत बसताना धातूचा बारीक चुरा सुटतो, तो पहिल्या ऑइलबरोबर बाहेर जायला हवा. सर्व्हिसच्या कागदावर डिफरन्शियलचं ऑइल वेगळं लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा.

मोडच्या आधी तापमान. कूलंट पाचसात मिनिटांत गरम होतं, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ऑइलचा काटा ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत कोणताही मोड असला तरी ३,००० च्या वर नेऊ नका. रविवारी पहाटे थंड गाडी काढून चांदणी चौकातच स्पोर्ट प्लस, हा प्रकार टर्बोच्या बेअरिंगला महागात पडतो.

ट्रॅफिकचं बोलू. सरकत्या गर्दीत हाताने पहिल्या गिअरमध्ये बसून राहण्याचा काहीच फायदा नाही. कमी वेगाला टॉर्क कन्व्हर्टर घसरत असतो, त्या घसरण्याची उष्णता गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये जाते. डी एक, ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) चालू, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मग सोडा.

गिअरबॉक्स ऑइलला "आयुष्यभराचं" म्हणायची पद्धत आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. उष्ण हवा, घाट, ट्रॅक असेल तर खालचा आकडा धरा. या गिअरबॉक्सचा फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो, म्हणून फिल्टर बदलायचा म्हणजे पूर्ण पॅन बदलायचं, बोल्टसकट. "पॅन धुऊन बसवतो" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. पातळी बघताना गाडी सपाट उचललेली, इंजिन चालू आणि गिअरबॉक्स ऑइल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान हवं. दुपारी गरम गाडी आणून लगेच भरलं तर ऑइल फुगलेलं असतं, पातळी पूर्ण दिसते आणि थंड झाल्यावर कमी भरते. मग गिअर पडताना हिसका येतो आणि माणूस ड्राइव्हलॉजिकला दोष देत बसतो.

---

सिंहगडरोड_४७

खूप आभार. रनिंग-इनचं डोक्यातून निसटलंच होतं. म्हणजे आत्ता एम१ = इंजिन स्पोर्ट, सस्पेन्शन कम्फर्ट, स्टिअरिंग आणि ब्रेक कम्फर्ट, ड्राइव्हलॉजिक दोन. एम२ वर मग काय? आणि पावसाचं राहिलं.

---

लालमाती

पावसात एमडीएम नको. एमडीएम म्हणजे डीएससीने लगाम सैल सोडणं: मागची बाजू थोडी सरकू दिली जाते आणि मग पकडली जाते. ते "मग" किती उशिरा ते कोरड्या रस्त्यासाठी ठीक असतं. ताम्हिणीत जुलैमध्ये वळणावर पाणी आडवं वाहतं, कडेला शेवाळ, मध्येच दरडीची माती. तिथे सरकायला एक मीटरही जागा नसते. डीएससी पूर्ण चालू, फोर डब्ल्यूडी (स्पोर्ट नाही), इंजिन एफिशियंट, ड्राइव्हलॉजिक एक. वरचा गिअर लवकर घ्या, म्हणजे चाकाला टॉर्क कमी पोचेल.

फोर डब्ल्यूडी असलं तरी पाण्यावर तरंगणं थांबत नाही, हे लक्षात असू द्या. २७५ आणि २८५ रुंदीचे टायर पाणी चिरायला वाईटच. कायद्याची किमान खोली १.६ मिमी. या रुंदीला पावसाळ्याआधी ३ मिमीच्या खाली असतील तर बदला. एक्सप्रेसवेवर पाणी साचलेल्या लेनमध्ये स्टिअरिंग अचानक हलकं झालं तर ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ धरून पाय हळूच काढा.

तर एम२ = पाऊस. बरेच लोक एम२ वर "राक्षस" सेटिंग ठेवतात आणि वर्षातून दोनदा वापरतात. आपल्याकडे वर्षातले चार महिने पाऊस आहे, बटण त्याला द्या.

---

ऑइलपॅन

साठवायची सोपी पद्धत: गिअरशेजारचं सेटअप बटण दाबून स्क्रीनवर सगळं हवं तसं लावा, मग स्टिअरिंगवरचं एम१ (किंवा एम२) दाबून धरून ठेवा, समोरच्या डिस्प्लेवर साठवल्याची खूण येईपर्यंत. ही सेटिंग्ज चालकाच्या प्रोफाइलला जोडलेली असतात. दुसऱ्याच्या प्रोफाइलने गाडी उघडली की एम१ वर भलतंच काही निघू शकतं, आणि सर्व्हिसहून, विशेषतः सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर, गाडी आली की घाटाला निघायच्या आधी पार्किंगमध्येच दोन्ही बटणं दाबून डोळ्यांनी बघून घ्या. एखाद्या बटणावर डीएससी बंद साठवलं असेल तर गाडी दुसऱ्यांदा दाबून खात्री मागते. तसा संदेश दिसला आणि तुम्ही ते ठेवलेलं नसेल, तर दाबू नका. मेनूत जा.

---

आरएस_नगर

थोडं विषयांतर. माझ्याकडे ऑक्टेव्हिया आरएस २४५ आहे, सात गिअरची डीएसजी. वरचे नियम तिलाही लागू का?

---

तिसरा_गिअर

इंजिन आणि शॉकअपचे हो, गिअरबॉक्सचे सगळे नाही. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, ऑइलमध्ये बुडालेले दोन क्लच आहेत. कन्व्हर्टर घसरला तर ऑइल तापतं, क्लच घसरला तर क्लचच झिजतो. म्हणून चढावर सिग्नलला ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं पूर्ण बंद, ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा. गर्दीत इंच इंच सरकू नका, गाडीभर जागा झाली की एकदाच सोडा. आणि हे क्लच-ऑइल ठराविक अंतराने बदलावंच लागतं, सर्व्हिस बुकमधला आकडा बघा, "आयुष्यभर" वगैरे तिथे कुणी म्हणतही नाही. डीएसजीचं एक सुख आहे: पुढचा गिअर आधीच दुसऱ्या क्लचवर तयार असतो. म्हणून पॅडलने एकेक गिअर बदलताना ती खूप चपळ, पण डी मधून एकदम तीन खाली मागितले की गडबडते. ओलांडायच्या आधी पॅडल ओढून ठेवा, हे तिला एम४ पेक्षा जास्त लागू.

---

घाटउतार

ट्रॅकचं राहिलंय. चेन्नईला जायचं तर रनिंग-इन सर्व्हिसनंतरच. तिथे मात्र उलटं: इंजिन स्पोर्ट प्लस, सस्पेन्शन स्पोर्टपासून सुरुवात, डीएससी पहिल्या सत्रात चालू. दुसऱ्या सत्रात वळणांतली ओळ जमली तर एमडीएम आणि फोर डब्ल्यूडी स्पोर्ट. गिअर पहिल्या सत्रात डी तीनवर सोडून द्या, तिथे ब्रेकिंगवर ती जे गिअर निवडते ते बघून घ्या, मग हाताने. सत्र पंधरा मिनिटांच्या आत आटपा, त्यातला शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता फक्त गाडी थंड करायला. पिटमध्ये आल्यावर पार्किंग ब्रेक लावू नका, तापलेल्या मागच्या डिस्कवर पॅड दाबून बसतात. पी टाका, चाकाला ठोकळा लावा, इंजिन दोनतीन मिनिटं चालू ठेवा.

टायरचा दाब दरवाज्याच्या पट्टीवर दिलाय तो थंड टायरचा. टायर ४० अंशांनी तापला की दाब साधारण सहा पीएसआयने वाढतो. प्रत्येक सत्रानंतर गरम असतानाच बघा आणि चारही टायर सारख्या प्रमाणात वाढले का ते लिहून ठेवा. एकच टायर जास्त वाढला तर त्या कोपऱ्यावर जास्त भार येतोय. घरी निघण्याआधी थंड टायरला पुन्हा पट्टीवरचा दाब भरा, नाहीतर ट्रॅकसाठी हवा कमी केलेले टायर घेऊन हायवेला लागाल. पेट्रोल १०० ऑक्टेनचं मिळालं तर तेच. कमी ऑक्टेनवर उष्णतेत इंजिन इग्निशन मागे घेतं (ठिणगी उशिरा पाडतं), आणि मग स्पोर्ट प्लस लावूनही गाडी सुस्त वाटते.

---

सिंहगडरोड_४७

समजलं. शेवटचं एकच. टूडब्ल्यूडी कधी वापरायचं?

---

तिसरा_गिअर

ते डीएससी पूर्ण बंद केल्याशिवाय लागतच नाही, आणि लागलं की ६५० न्यूटन-मीटर सगळे मागच्या दोन चाकांवर, सावरायला कुणी नाही. मोकळं पटांगण, ओला डांबर, शेजारी शिकवणारा माणूस, आणि मागचे टायर बदलायची तयारी. यातलं एक जरी कमी असलं तर नाही.

---

लालमाती

आणि टायर बदलायची वेळ आली तर हे आठवणीत असू द्या. मागचे दोन्ही जोडीनेच बदला, एकच नको. या गाडीत पुढेमागे झीज वेगळी झाली की एमएक्सड्राइव्हच्या ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) क्लचवर विनाकारण घसरण येते. पुढची जोडी किती उरली आहे ते मोजून मगच मागच्या जोडीची ऑर्डर द्या.